प्रेत सापडले, वाचनालय कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत माझ्याकडे एक मागणी केली. "सर, खून होतो आणि तोही लायब्ररीत होतो, असं एखादं पुस्तक द्या ना." मागणी रास्त होती. कांदिवलीच्या दोन खोल्यांत सहा माणसांबरोबर राहणाऱ्या मुलीला थोडी शांतता आणि थोडा खून या दोन्ही गोष्टी एकदम हव्याशा वाटल्या तर त्यात नवल ते काय! मी घरच्या कपाटातून अगाथा ख्रिस्तीबाईंची 'द बॉडी इन द लायब्ररी' ही १९४२ सालची कादंबरी काढली आणि तिच्या हाती दिली. इंग्रजी सोपे आहे, पण शेजारी कोश असू दे, असेही सांगितले. आठ दिवसांनी तिने पुस्तक परत आणले. वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते. मी ते घालून दिले नव्हते. पुस्तक टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सर, प्रेत सापडलं. पण ह्यात लायब्ररी कुठंय?"

मी तिला शिक्षकाला शोभेल असे उत्तर दिले. म्हणजे खरे, पण निरुपयोगी. "अगं, विलायतेत बड्या लोकांच्या घरी पुस्तकांची एक खोली असते, तिलाच लायब्ररी म्हणतात." तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसले. त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा वाचायला घेतले. ही माझी तिसरी खेप. जे दोनदा वाचून माझ्या ध्यानात आले नव्हते, ते चौदा वर्षांच्या पोरीच्या एका खेपेत ध्यानात आले, याची मला लाज वाटली. या लेखात जो काही राग आहे त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे. उरलेला निम्मा कोणावर आहे ते आता सांगतो.

गॉसिंग्टन हॉल नावाचा एक वाडा. कर्नल बँट्री आणि त्यांची पत्नी डॉली हे त्याचे धनी. सकाळची वेळ. बाई अंथरुणातच आहेत आणि फुलांच्या प्रदर्शनात आपल्या फुलांना पहिले बक्षीस मिळाल्याचे स्वप्न पाहत आहेत. एवढ्यात मोलकरीण धापा टाकीत येते आणि लायब्ररीत प्रेत पडले असल्याची वर्दी देते. शेकोटीपुढच्या गालिच्यावर भडक पोशाखातली एक तरुण मुलगी मरून पडली आहे; या घरातले कोणीही तिला ओळखत नाही. बँट्रीबाई आपल्या मैत्रिणीला, सेंट मेरी मीडच्या मिस मार्पलला, बोलावून घेतात. सुरुवात इतकी बहारदार आहे की मत्सर वाटावा. मी दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. इतक्या थोड्या ओळींत इतके काम मला कधी करता आलेले नाही.

आणि मग ती लायब्ररी संपते. पोलीस येतात, मोजमापे होतात, प्रेत हलते आणि त्याच्या मागोमाग कथाही चालू लागते. ती जाते डेनमथ नावाच्या समुद्रकाठच्या गावी, मॅजेस्टिक हॉटेलात. तिथे नाच आहेत, पत्ते आहेत, एका श्रीमंत अपंग म्हाताऱ्याचे मृत्युपत्र आहे. कर्नलसाहेबांच्या त्या खोलीतले एकही पुस्तक कोणी उघडीत नाही. कोणते पुस्तक कुठे आहे, कोणते जागेवर नाही, कोणी कोणते शेवटचे वाचले, याची चौकशी होत नाही. प्रेत त्याच खोलीत का आले हे सांगितल्यावाचून माझा मुद्दा पुरा होत नाही, म्हणून तेवढेच सांगतो. सिनेमाच्या धंद्यातल्या एका पोराला ते आपल्या घरी आढळले, आणि दारूच्या तारेत त्याने ते शिष्ट कर्नलच्या घरी नेऊन टाकले. कर्नलची जिरवायची एवढाच त्याचा हेतू. कर्नलच्या घरात लायब्ररीऐवजी बिलियर्डची खोली सोयीची असती तर प्रेत बिलियर्डच्या टेबलाखाली गेले असते आणि पुढच्या कथेतले एक अक्षर बदलावे लागले नसते. खुन्याचे नाव मात्र मी सांगणार नाही. दुसऱ्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणाऱ्यांच्या जातीचा मी नव्हे. त्या जातीने मला लहानपणी फार छळले आहे.

माझे एक स्नेही आहेत. त्यांचे इंग्रजी वाचन दांडगे. माझा हा राग ऐकून ते हसले आणि म्हणाले, "अहो मास्तर, बाईंनी हे मुद्दामच केलंय. लायब्ररीतलं प्रेत हा रहस्यकथेतला झिजून गुळगुळीत झालेला प्रकार होता. बाईंनी प्रस्तावनेतच सांगितलंय, की खोली अगदी ठरीव साच्याची हवी आणि प्रेत मात्र अगदी अनपेक्षित." हे खरे आहे. पण गुन्हेगाराने कबुलीजबाब दिला म्हणून गुन्हा नाहीसा होतो, असे मी तरी कुठल्या कायद्यात वाचलेले नाही. साच्यातल्या खोलीची थट्टा करायची तर निदान ती खोली उघडून दाखवावी. बाईंनी साचा जसाच्या तसा घेतला आणि त्यावर एक नवी आकृती ठेवली. इथे लायब्ररी म्हणजे पडदा, आमच्या नाटक कंपन्यांकडे असायचा तसा: एका बाजूला राजवाडा, उलटला की अरण्य.

स्नेह्यांनी दुसरे बाण काढले. पुस्तक कधीचे आहे ते पाहा, म्हणाले. १९४२. लंडनवर बाँब पडून गेलेले. १९४१ च्या मे महिन्यात, १० तारखेच्या रात्री, खुद्द ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयावर आगीचे बाँब पडले आणि सुमारे अडीच लाख पुस्तके नष्ट झाली. अशा काळात माणसांना चहा, बागकाम आणि एक सभ्य खून एवढेच हवे असेल तर तुमचे काय जाते? माझे काही जात नाही. या जातीच्या कथांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात; मी त्यांना गोधडीतल्या रहस्यकथा म्हणतो. बाहेर पाऊस, आत गोधडी, हातात पुस्तक, आणि पुस्तकात असा खून की ज्याचे रक्त कोणाच्या कपड्यांना लागत नाही. हे सुख मला ठाऊक आहे आणि ते मी कोणाचे हिरावून घेऊ इच्छीत नाही. पण स्नेह्यांच्या हे लक्षात आले नाही की त्यांनी माझ्याच हाती कोलीत दिले. ज्या वर्षी खरी ग्रंथालये जळून गेली होती, त्या वर्षी ग्रंथालयाचे नाव मिरवणाऱ्या पुस्तकात ग्रंथालय म्हणजे एक गालिचा असावा!

आणि माझी खरी तक्रार याहून जुनी आहे. इंग्लंडात ही रहस्यकथा वाचीत कोण होते? गॉसिंग्टन हॉलमधले लोक नव्हेत. १८५० साली तिथे सार्वजनिक वाचनालयांचा कायदा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या वाचनालयांतून गिरणीतला माणूस पुस्तक नेऊ लागला. पुढे १८९८ साली बूट्स या औषधविक्यांनी आपल्या दुकानांतच वर्गणीचे वाचनालय काढले. ते १९६६ पर्यंत चालले. खोकल्याचे औषध आणि खुनाची कादंबरी एकाच फेरीत घरी न्यायची सोय! शिवाय १९३० च्या सुमारास गल्लोगल्ली दोन पेनी भाड्याने पुस्तके देणारी दुकाने निघाली. रहस्यकथेचा जीव या भाड्याच्या पुस्तकांवर पोसला. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या, पण शेवटचे पान गाठल्याशिवाय झोप न येणाऱ्या माणसांनी तिला मोठे केले. आणि या कथेला जेव्हा 'लायब्ररी' लिहायची वेळ आली, तेव्हा तिने कोणती लायब्ररी लिहिली? जिच्या दारात या वाचकांपैकी कोणालाही उभे केले गेले नसते ती! चामडी बांधणीची पुस्तके, आरामखुर्च्या, पाइप, आणि गालिचा. ज्या गाईने दूध दिले तिला गोठ्याबाहेर ठेवून दिवाणखान्यात गाईचे चित्र टांगण्यासारखेच हे झाले.

आपल्याकडे वेगळे घडलेले नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, धनंजय, काळा पहाड यांना महाराष्ट्रात घरोघर नेले ते वाचनालयांनी. पुढे सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि दारा बुलंद आले, तेही याच वाटेने. शहाण्यासुरत्या समीक्षकांनी या पुस्तकांकडे पाहिले नाही. वाचनालयवाल्याने पाहिले, कारण त्याच्या दुकानाचे भाडे त्यांच्यावर निघत असे. अर्नाळकरांची फाटकी, तेलकट, सोळा हात फिरलेली प्रत हे मराठी वाचनाच्या इतिहासातले एक साधन आहे, पण त्या इतिहासाच्या पुस्तकात तिचे चित्र छापलेले मी पाहिले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे सरकले नाही. पुढे जे काही शिकलो ते भाड्याच्या पुस्तकांवर. त्यामुळे या बाबतीत मी तटस्थ राहू शकत नाही आणि राहण्याची इच्छाही नाही.

वाचनालयात रहस्य असते का, असे कोणी विचारले तर मी त्याला माझीच गोष्ट सांगतो.

१९९४ साली मी आठवीत होतो. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर एका चाळीच्या तळमजल्याला एक गाळा होता, आणि त्यात एक वाचनालय. चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणत. दारात एक लांबट टेबल, त्यावर लांबट वही. वहीत तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक आणि परतीची सही. मागे छतापर्यंत फळ्या. महिना दहा रुपये वर्गणी, पंचवीस रुपये अनामत. गिरणी सुटल्यापासून वडील एका इमारतीवर राखणदारी करीत. ते पंचवीस रुपये त्यांनी दोन हप्त्यांत भरले होते. मी रोज एक पुस्तक नेत असे आणि बहुधा ते रहस्यकथेचेच असे.

गणपतीच्या आधी एके दिवशी काकांनी पाच पुस्तके टेबलावर मांडली. पाचांचेही शेवटचे पान नव्हते. पाचांवरही वहीत माझा क्रमांक होता. दुकानात सात-आठ गिऱ्हाइके उभी होती. काका ओरडले नाहीत. त्यांनी फक्त वही फिरवून माझ्या पुढ्यात धरली आणि माझ्या क्रमांकांवर एकेक करून बोट ठेवले. मी फाडली नाहीत, एवढेच मला म्हणता आले. रहस्यकथेचे शेवटचे पान फाडणे म्हणजे काय हे दुकानातल्या प्रत्येकाला कळत होते. मला त्यांच्याकडे पाहवेना. अनामत जप्त झाली. घरी वडिलांनी मला विचारलेसुद्धा नाही. ते दुसऱ्या दिवशी जाऊन काकांची माफी मागून आले. ते मला मारापेक्षा लागले.

चार महिने मी त्या गाळ्यासमोरून न जाता मागच्या बोळातून शाळेला जात होतो. आणि मग सहावे पुस्तक निघाले. सातवेही निघाले. माझे नाव तर वहीतून गेलेले! काकांनी काही केले नाही, पण काकू हिशेबाच्या पक्क्या होत्या. त्यांनी वही काढून बसून पाहिली. सातही पुस्तके माझ्यासारख्या आणखी पुष्कळांकडे जाऊन आली होती. माझ्या क्रमांकावरच बोट पडले ते मी सगळ्यांत जास्त पुस्तके नेत असे म्हणून. पण त्या सातांपुढे तांबड्या शाईत आणखी एक खूण होती: 'बां.' म्हणजे बांधणीला. काकूंनी एका पुस्तकाचा मागचा पुठ्ठा ओल्या फडक्याने भिजवला आणि आतला कागद नखाने सोडवला. खाली छापील पान होते. बांधणी करणारा म्हातारा कागद वाचवण्यासाठी शेवटचे पानच पुठ्ठ्याला खळीने चिकटवीत असे आणि वरून रंगीत अस्तर लावीत असे. सात खुनी सात पुठ्ठ्यांत गुदमरून पडले होते. काकूंनी आमच्या शेजारणीबरोबर निरोप धाडला, "त्याला म्हणावं, पानं सापडली." काकांनी माफी मागितली नाही आणि अनामतही परत दिली नाही. मी गेलो तेव्हा त्यांनी वही उघडली, माझा जुनाच क्रमांक लिहिला आणि विचारले, "कोणतं नेतोस?"

या प्रकरणात कोणी मेलेले नाही. पण यातला पुरावा वाचनालयाचा आहे: वही, तांबडी खूण, पुठ्ठा, खळ. संशयही वाचनालयाचा आहे, आणि ज्याच्यावर आळ आला त्याला त्या आळातून काय गमवावे लागले, तेही वाचनालयाशिवाय समजणार नाही. इथे ख्रिस्तीबाईंना एक श्रेय दिलेच पाहिजे. आळ म्हणजे काय ते त्यांना पक्के ठाऊक आहे. प्रेत सापडल्यावर गावातले लोक कर्नल बँट्रींना हळूहळू टाळू लागतात, जेवणाची आमंत्रणे बंद होतात, आणि म्हातारा आतल्या आत मिटत जातो. मिस मार्पल कामाला लागते ती याच काळजीने. कादंबरीतले मला सर्वांत आवडलेले हेच. पण त्या आळातूनही कर्नल सुटतात ते एक पुस्तकसुद्धा न हलता.

इंग्रजी गोधडीकथेने पुढच्या काळात काही सुधारणा केली म्हणावे, तर तसेही नाही. शार्लेन हॅरिस या अमेरिकन बाईंच्या १९९० सालच्या 'रिअल मर्डर्स'पासून अरोरा टीगार्डन ही चक्क ग्रंथपालबाई नायिका झाली. मोठ्या आशेने मी ते पुस्तक हाती घेतले. बाई ग्रंथपाल आहेत खऱ्या, पण पहिले प्रेत सापडते ते जुन्या खुनांची चर्चा करणाऱ्या एका मंडळाच्या बैठकीच्या जागी! बाईंची नोकरी पोस्टात असती तरी चालले असते. पुढे अशा मालिकांचे पीकच आले. मांजर, केक, ग्रंथपाल, खून: या क्रमात ग्रंथालयाचा नंबर मांजराच्या नंतर लागतो.

मग होतच नाही का? होते. १९८० साली उंबेर्तो एको या इटालियन प्राध्यापकाने 'द नेम ऑफ द रोझ' लिहिली. काळ १३२७ चा, जागा एका मठाची, आणि मठाच्या पोटात चक्रव्यूहासारखे ग्रंथालय. तिथले खून ग्रंथालयाबाहेर होऊच शकत नाहीत, कारण भांडण एका पुस्तकाचे आहे. ॲरिस्टॉटलने विनोदावर लिहिलेला, जगाला हरवलेला ग्रंथ. तो लोकांनी वाचावा की वाचू नये? ज्याला वाचू द्यायचे नाही तो पानांना विष लावून ठेवतो, आणि वाचणारा बोट जिभेला लावून पान उलटतो. आपल्या वाचनालयांत भिंतीवर पाटी असायची: 'बोटाला थुंकी लावून पान उलटू नये'. त्या पाटीवर वर्षानुवर्षे आपण हसलो. एका माणसाने तिच्यातून पाचशे पानांची कादंबरी काढली. हे पुस्तक गोधडीतले नव्हे, असे स्नेही म्हणतील. नसेल. पण रहस्य जागेच्या पोटातून निघाले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. ती हसतखेळत पुरी करायला कोणी हरकत घेतलेली नाही.

आणि सामग्री काय कमी आहे? नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयातून शेकडो दुर्मिळ पुस्तके नाहीशी झाली. २०१२ साली अटक झाली ती खुद्द संचालकाला, मारिनो मास्सिमो दे कारो यांना. पुढच्या वर्षी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. कुलपाची किल्ली ज्याच्या हाती तोच चोर! याच गृहस्थांनी गॅलिलिओच्या १६१० सालच्या ग्रंथाची बनावट प्रत तयार करविली होती आणि नामांकित जाणकार तिला फसले होते. निक वाइल्डिंग या इतिहास-संशोधकाला तिच्याविषयी शंका आली. त्या शंकेला कारण झालेल्या खुणांत एक होती ग्रंथालयाचा शिक्का. कर्नलसाहेबांच्या खोलीत असा एखादा शिक्का असता तर!

आपल्याकडचे सांगायचे तर १८९३ साली ठाण्याला आणि १८९८ साली मुंबईला खास मराठी ग्रंथांसाठी संग्रहालये निघाली. १९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला. त्याच्या अनुदानावर अ, ब, क, ड वर्गांची ११-१२ हजार वाचनालये उभी राहिली. त्यांच्या दप्तरात रहस्यकथाकाराला हवे ते सारे आहे. दाखल नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक पुस्तकाचा जन्म नोंदलेला असतो. बाद पुस्तकांची यादी आहे. तिच्यात मृत्यू नोंदलेला असतो, आणि मृत्यूचे कारण 'वाळवी' असे लिहिले असले तरी ते दर वेळी खरे असतेच असे नाही. गुप्त पान आहे: ग्रंथपालाने मनाशी ठरवलेल्या एका पानावर, मुखपृष्ठ फाडले तरी ओळख पटावी म्हणून, गुपचूप मारलेला शिक्का. आमच्या काकांचे एकविसावे पान होते. चोरबाजारात किंवा पदपथावर एखादे पुस्तक उचलावे, एकविसावे पान उघडावे, आणि वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या दुकानाचा शिक्का दिसावा. याहून चांगले पहिले प्रकरण कोणाला हवे आहे?

प्रेतच हवे असेल तर तेही आहे. २०१२ साली सरकारने राज्यभरच्या अनुदानित वाचनालयांची महसूल खात्याकडून पडताळणी करविली, तेव्हा काही वाचनालये नुसती कागदावर असल्याचे आढळले. ख्रिस्तीबाईंच्या कादंबरीत प्रेत सापडते आणि वाचनालय सापडत नाही. आमच्या इथे सरकारी कारकून जीप घेऊन वाचनालय शोधायला जातो आणि तिथे गुरांचा गोठा सापडतो, अशी कथा लिहायला काय हरकत आहे? तिला विनोद आहे, गुन्हा आहे, आणि गावातल्या ज्या पोरांच्या नावाने पुस्तकांचे पैसे उचलले गेले त्यांच्या रूपाने खून झालेला इसमही आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि पुस्तके, पोथ्या, चित्रे यांची नासधूस झाली. त्या प्रकरणात गोधडीत शिरून वाचण्याजोगे काही नाही. पण ज्या भाषेत असा दिवस उगवला, त्या भाषेतल्या लेखकाने वाचनालय म्हणजे शोभेची पार्श्वभूमी समजावी, हे मला तरी सोसत नाही.

आता माझी कबुली. माझ्या एका कादंबरीत एक प्रकरण वाचनालयात घडते. नायक कपाटाआडून नायिकेला पहिल्यांदा पाहतो. चाफ्याचा वास वगैरे आहे. परवा ते प्रकरण मी काढून पाहिले. नऊ पानांत एकाही पुस्तकाचे नाव नाही. नायिका कोणते पुस्तक न्यायला आली होती ते मी सांगितलेले नाही, कारण लिहिताना ते मलाच ठाऊक नव्हते. पुस्तकांच्या जागी लुगडी ठेवली असती तर ते प्रकरण साडीच्या दुकानात तसेच्या तसे चालले असते. ज्या काकूंनी ओले फडके घेऊन माझी अब्रू परत मिळवली, त्यांच्या धंद्यात वाढलेल्या माणसाने हे लिहिले. तेव्हा एखाद्या इंग्रज बाईला जाब विचारण्याआधी माझा क्रमांक वहीत घालायला हरकत नाही.

काकांचा तो गाळा २००६ साली इमारतीबरोबर पडला. तिथे आता बावीस मजले उभे आहेत. पुस्तके रद्दीत वजनाने गेली. मी पोचलो तेव्हा टेम्पो भरून झाला होता. काकूंनी एक वही बाजूला ठेवली होती, ती मला दिली. १९९३-९४ ची. 'पुस्तकं काय, पुन्हा छापतात,' असे काहीसे त्या पुटपुटल्या. अर्नाळकरांची बरीचशी पुस्तके पुन्हा छापली गेली नाहीत, हे मी त्यांना सांगितले नाही.

नववीतल्या त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे लागत होतो. एको तिला अजून झेपायचा नाही. शेवटी मी तिला ती वहीच दिली. म्हटले, यात वाचनालय आहे, प्रेत तू शोध. दोन दिवसांनी ती मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "सर, दोनशे चौदा नंबरचा माणूस एकच पुस्तक सारखा नेतो. अकरा वेळा. आणि मग एकदम यायचाच बंद होतो." कोणते पुस्तक, मी विचारले. वहीत फक्त क्रमांक आहे, ती म्हणाली. पुस्तकांची यादी कुठे आहे? यादी रद्दीच्या टेम्पोतून गेली. हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग वही आणखी आठ दिवस हवी म्हणाली. त्याला आता तीन आठवडे होत आले आहेत.